टाकीतल्या जिवांची गावपळण

आठवीला जैवऊर्जा शिकवताना माझी एकच चूक झाली. मुलांना जैवऊर्जा खरोखर कळली. आधीच्या वर्षी कळत नव्हती आणि सगळं सुरळीत चाललं होतं. दीड पानाचा धडा. शेण, पालापाचोळा, उष्टंखरकटं यांत सूर्याचीच ऊर्जा साठलेली असते, ती पुन्हा पुन्हा मिळते म्हणून अक्षय. पेट्रोल एकदा जाळलं की संपलं. मी फळ्यावर बाण काढायचो, मुलं बाण उतरवून घ्यायची, आणि चाचणीत तेच बाण मला उलट्या दिशेने परत मिळायचे. कळण्यावाचून कोणाचंही अडत नव्हतं.

त्या वर्षी मला खरी टाकी बसवायची हुक्की आली. हुक्की म्हणतो, पण तिला कारण होतं. आमच्या शाळेत पोषण आहार शिजवायला एक काकी होत्या. नवरा कधीच वारलेला, मुलगा दोडामार्गाला बिऱ्हाड करून रोज गोव्यात कामाला जाणारा. शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या चुलीवर खिचडी शिजवायच्या. शेगडी होती, सिलिंडरही होता, पण भरलेला सिलिंडर आणि आमची शाळा यांची गाठ क्वचितच पडायची. पावसाळाभर ओली लाकडं आणि धूर. मी फळ्यावर लिहीत असताना मागून काकींचा खोकला यायचा आणि मुलं तो संपेपर्यंत थांबून पुढचं लिहून घ्यायची. श्रावणात त्या चुलीसमोरच भोवळ येऊन पडल्या. डॉक्टरांनी सांगितलं, धूर बंद करा, नाहीतर काम बंद करा.

मुख्याध्यापिका बाई मनाने चांगल्या, पण त्यांना काकींपेक्षा काकींचं काही झालं तर द्यावी लागणारी उत्तरं जास्त दिसत होती. शेवटी ठरलं ते असं: मार्गशीर्ष संपेपर्यंत माझा गॅस पेटला तर काकी राहतील; नाहीतर काम बचत गटाकडे जाईल. काकींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, शेणावर खिचडी शिजली तर मुलं खातील ना. बाकी कशाबद्दल त्यांना शंका नव्हती. मला होती, पण मी ती दाखवली नाही.

पाचशे लिटरची काळी टाकी आणली. तिच्यात एक लहान टाकी उपडी घातली. आत गॅस झाला की ही उपडी टाकी आपोआप वर उचलली जाणार, आणि नळीतून गॅस शेगडीला मिळणार. विरजण म्हणून चालू गोबरगॅसमधलं आंबलेलं शेणपाणी हवं होतं. ते मसुऱ्याला एका घरी मिळालं, आणि मी ते चार कॅनमध्ये भरून एसटीने घेऊन आलो. कंडक्टरने विचारलं, कॅनमध्ये काय आहे. मी म्हणालो, शाळेचं सामान. आचऱ्याच्या अलीकडे एका कॅनचं झाकण उडालं. पुढे दोन महिने त्या गाडीत मला बसायला जागा मिळायची, शेजारच्या सीटसकट.

आता टाकीत काय घडतं ते शिकवायचं होतं. विनॉक्सी श्वसन म्हटलं की अर्धा वर्ग जांभई देतो. म्हणून मी म्हणालो, टाकीत कोट्यवधी जीव आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत, उघडी हवा लागली की मरतात, पण भूक मात्र आपल्यासारखीच. आपण त्यांना खायला घालायचं, ते ढेकर देणार, त्या ढेकरावर काकींची खिचडी शिजणार. आपल्या शाळेची ही गुरंच म्हणा ना. मी उपमा दिली होती. मुलांनी गुरं घेतली.

यात पुढाकार पहिल्या बाकावरच्या एका मुलीचा. गावच्या मानकऱ्यांची ही नात. तिने आयुष्यात कधी विनोद केला नव्हता आणि दुसऱ्याने केलेला तिला चालत नसे. तिने पाळ्या लावल्या, सकाळी शेण कोणी कालवायचं, दुपारी उष्टं कोणी घालायचं. रविवारीही मुलं येऊ लागली, कारण गुरांना रविवार नसतो. सहामाहीत ‘पाळीव प्राण्यांची उदाहरणे लिहा’ या प्रश्नाला सगळ्या वर्गाने गाय, म्हैस, शेळी आणि टाकी असं उत्तर लिहिलं. मी गुण कापले तर ती मुलगी वही घेऊन आली आणि म्हणाली, सर, मग आपण पाळलंय ते काय? मी गुण परत दिले.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे गोठ्यातली गुरं धुतात, रंगवतात, ओवाळतात. सुट्टीनंतर शाळेत येऊन पाहतो तर टाकीवर चुन्याचे पांढरे ठिपके, गळ्यात झेंडूची माळ, म्हणजे टाकीचा गळा जिथे असेल असं वाटलं तिथे, आणि समोर पोळ्यांचे तुकडे. आतही बरंच काही घातलेलं होतं, हे मात्र मला कोणी सांगितलं नाही.

गॅस काही येईना. वरची टाकी बसली ती बसलीच. रोज सकाळी मी नळीच्या तोंडाशी काडी ओढायचो, काडी माझ्या बोटापर्यंत जळायची आणि विझायची. काकी शेडच्या दारातून बघायच्या. ‘आज नाय?’ एवढंच विचारायच्या आणि चुलीत फुंकर घालायला वळायच्या. मी पुस्तकं पाहिली, मसुऱ्याला फोन केले, आणि टाकी मात्र उघडून पाहिली नाही, कारण हवा लागली की आतले मरतात हे मीच शिकवलं होतं. मार्गशीर्ष लागला.

आणि देवाने गावपळणीचा कौल दिला.

आमच्या बाजूच्या काही गावांत ही रीत आहे. दर काही वर्षांनी देवाचा कौल झाला की सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. मागे एक जीव ठेवायचा नाही. वेशीपलीकडच्या माळावर झावळांच्या झोपड्या उभ्या राहतात, गजाली रंगतात, भजनं होतात, आणि तीन दिवसांनी कौल घेऊन गाव परत घरी येतो. का जायचं असं विचारलं तर दर घरी वेगळं उत्तर मिळतं. मी कधी विचारत नाही. मला ते तीन दिवस फार आवडतात.

मानकरी शाळेत आले ते नेहमीचं सांगायला, की शाळेत कोंबडी, मांजर काही असेल तर हलवा. बाई नाही म्हणाल्या. तेवढ्यात मानकऱ्यांची नात उभी राहिली आणि म्हणाली, आजोबा, टाकीतले आहेत की.

मानकऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जिवंत आहेत का, त्यांनी विचारलं. चाळीस मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, तसे आहेत.

संध्याकाळी शाळेच्या पडवीत गावातली दहाबारा जाणती माणसं जमली आणि सूक्ष्मजीवशास्त्रावर अशी चर्चा झाली, जशी माझ्या बी.एस्सी.च्या तीन वर्षांत कधी झाली नव्हती. एकाने सुचवलं, दर घराने बाटलीभर न्यावं. दुसऱ्याने शंका काढली, मग दह्यातल्यांचं काय? दही जाण्याआधी खाऊन टाकायचं असं ठरलं. पोटातले आपोआप बरोबर येतात, म्हणून त्यांचा प्रश्न नव्हता. मी जोर लावला. म्हटलं, असं बघायला गेलं तर जीव मातीत आहेत, विहिरीत आहेत, माडावर आहेत, ते काय तुम्ही सगळे नेणार? मला वाटलं, आता गप्प बसतील.

मानकरी शांतपणे म्हणाले, “तेंका कोण जेवण घालता? जेका आपण जेवण घालतो, तो आपलो. आपल्याक मागे ठेवूचो नाय.”

मी तरीही नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी सांगितलं, एवढं अडत असेल तर देवालाच कौल लावू. कौल उजवा लागो की डावा, तो देवाच्या हातात. पण टाकी हलली, झाकण सरकलं, हवा गेली, की माझा दोन महिन्यांचा खटाटोप पाण्यात आणि काकींचं काम बचत गटात. तीन दिवस उपाशी राहून आतल्यांचं काही बिघडणार नव्हतं. त्यांना फक्त कोणी हात लावायला नको होता.

म्हणून मी रातोरात नव्हे, चांगला विचार करून, दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या कागदावर लिहून दिलं: ‘टाकीची पाहणी केली असता आत कोणीही जिवंत आढळले नाही.’ खाली सही, सहीवर शिक्का.

मानकऱ्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. घडी घालून खिशात ठेवला आणि माझ्याजवळ बसले. ‘वाईट झाला,’ म्हणाले. बराच वेळ बसले. उठताना माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या मागून आणखी दोघं येऊन तसेच बसून गेले. वर्गात तर कहर झाला. झेंडूची वाळकी माळ कोणीतरी काढून ठेवली होती आणि पाळीची मुलं शेणाची बादली घेऊन टाकीपाशी नुसती उभी होती. त्या मुलीने मला विचारलं, कशाने गेले? मी म्हणालो, थंडीने. आमच्या किनाऱ्यावर मार्गशीर्षात दुपारी पंखा लावावा लागतो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी फळा पुसायला वळलो. त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली.

मला माझं फार कौतुक वाटत होतं. गुपित फुटू नये म्हणून मी ते कोणालाही सांगितलं नाही. बाईंनाही नाही. आणि काकींना सांगायला हवं हे तर माझ्या डोक्यातच आलं नाही.

गावपळणीच्या दिवशी सकाळी बाईंनी सहज सांगितलं, काकींनी काम सोडलं. आदल्या दिवशी येऊन शेडची किल्ली देऊन गेल्या. बरं झालं, आपल्याला सांगायची वेळ आली नाही, असंही म्हणाल्या.

मी तसाच काकींच्या घरी गेलो. सगळा गाव बोचकी बांधत होता, त्याही बांधत होत्या, पण त्यांची बोचकी तीन दिवसांची नव्हती. देव्हाऱ्यातले देवसुद्धा फडक्यात गुंडाळलेले होते. दुपारच्या गाडीने त्या दोडामार्गाला लेकाकडे निघाल्या होत्या. गाव परत येईल, त्या येणार नव्हत्या. मी म्हणालो, अहो, असं कसं? थोडी वाट बघायची होती.

त्यांनी गाठ मारता मारता सांगितलं, वर न बघता. “मास्तरांनू, तुमी लिवन दिलास, आत कोण जितो नाय. माका वाटला, ता माझाच लिवन दिलास.”

मला लाज वाटली. एवढी लाज मला त्याआधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. चपला त्यांच्या पडवीतच विसरून मी देवळाकडे पळत सुटलो. देवळासमोर सगळा गाव गुराढोरांसकट उभा होता. नौबत वाजली की निघायचं. मी घाम पुसत मानकऱ्यांसमोर उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, मी खोटं लिहून दिलं. ते जिवंत आहेत. सगळे.

मला वाटलं, आता शिव्या पडणार. पण समुद्रावर गेलेलं माणूस बेपत्ता समजावं आणि ते दारात येऊन उभं राहावं, तसं झालं. मुलांनी ओरडा केला. मानकऱ्यांनी खिशातून माझा कागद काढला, माझ्या हातात दिला आणि होड्या ओढणाऱ्यांना हाक मारली. देवाला थोडं थांबायला सांगा, असं त्यांनी गुरवाला सांगितलं, आणि गुरवाने ते आत जाऊन सांगितलंही.

किनाऱ्यावर होडी चढवायची रीत आमच्या लोकांना शिकवावी लागत नाही. खाली लाकडी ओंडके, भोवती दोर, एकाने सूर धरायचा आणि वीस जणांनी ओढायचं. तशी शाळेची टाकी शेडमागून निघाली. फळ्यांवरून टेम्पोत चढली. मी मागेमागे नाचत होतो, झाकण सांभाळा, हवा जाईल, हलवू नका. माझं कोणी ऐकत नव्हतं. मग मानकऱ्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. माणसांचं झालं, गुरांचं झालं, आणि टेम्पोकडे हात करून ते म्हणाले, “आणि शाळेच्या टाकीत जे कोण आसत, डोळ्यांक दिसनत नाय, पण मास्तर म्हणता आसत, तेंचीय राखण कर रे महाराजा.”

‘व्हय महाराजा,’ सगळा गाव म्हणाला. मीही म्हणालो. बी.एस्सी. झालेला माणूस, पण मनापासून म्हणालो.

नौबत वाजली आणि आम्ही निघालो. वेशीच्या अलीकडे चढावर टेम्पो रुतला. टाकी एका अंगाला कलली, शेणपाणी हिंदकळलं, मागे म्हशी, त्यांच्या मागे कोंबड्यांच्या पाट्या, आणि त्या सगळ्याच्या मागे दुपारची एसटी अडकून हॉर्न वाजवत होती. गाडीतली माणसं खाली उतरली. त्यांत काकी होत्या. टेम्पोतल्या टाकीला धरून उभी असलेली मानकऱ्यांची नात त्यांना पाहून एवढंच म्हणाली, “काकी, जिते आसत.”

काकींनी टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेणपाण्याने मी डोक्यापासून पायापर्यंत भरलो होतो. त्यांनी गाडीतून एक बोचकं उतरवून घेतलं, एकच. बाकीची कंडक्टरकडे दिली आणि लेकाला फोन करून सांगितलं की ती उतरवून घे, मी उद्या येते. टेम्पो दगड लावून बाहेर निघाला आणि पुढचा मैलभर खाचखळग्यांतून असा गेला की मी डोळे मिटून बसलो. माळावर टाकी उतरवली तेव्हा माझ्या हिशेबाने आत कोणीही उरलेलं नव्हतं. माझा कागद आता खरा ठरला, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीने मला झोपडीत येऊन हलवून उठवलं. टाकी फुगली, म्हणाली. मी जाऊन पाहिलं. वरची उपडी टाकी वीतभर उचलली गेली होती आणि कडेने पेंढ्याचे काळे कुजके तुकडे वर आले होते. तेव्हा मला उलगडा झाला. पाडव्याला मुलांनी गुरांना घालतात तसा टाकीत भाराभर पेंढा घातला होता. त्याची जाड साय धरली होती आणि गॅस तिच्याखाली महिनाभर कोंडून पडला होता. टेम्पोच्या धक्क्यांनी साय फुटली. मी जमलेल्यांना हे नीट समजावून सांगितलं, काडीने जमिनीवर बाणसुद्धा काढले. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग मानकरी म्हणाले, सगळ्यांबरोबर आणलं म्हणून खूश झाले ते.

टेम्पोत टाकीबरोबर आलेल्या शेगडीला नळी जोडली. काडी ओढली. निळी ज्योत आली, इतकी फिकी की उन्हात दिसेना. हात धरून खात्री करावी लागली. काकी पुढे झाल्या. टोप चढवताना त्यांनी सवयीने पदर नाकाला लावला, डोळे बारीक केले आणि तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळाने पदर सोडला. दगडावर ठेवलेल्या शेगडीपुढे ताठ बसून त्यांनी खिचडी ढवळली आणि खोकला आला नाही. मी मोजत होतो, एकदाही आला नाही. माझे डोळे भरून आले आणि त्याला धूर हे कारण देता येईना.

दुपारची दोडामार्गाची गाडी वेशीवर येऊन हॉर्न वाजवून गेली. काकी उठल्या नाहीत. मुख्याध्यापिका बाई पत्रावळ घेऊन खिचडीसाठी रांगेत उभ्या होत्या, त्यांना वाढता वाढता काकींनी विचारलं, “बाई, सोमवारी पोरां किती येतली?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, एक्केचाळीस.

रांगेत मागे उभ्या असलेल्या मानकऱ्यांच्या नातीने लगेच विचारलं, आणि टाकीतले? ते धरले का?

काकींनी वाढायचा डाव थांबवला नाही. शेगडीच्या मागे दगडावर खिचडी वाढलेली एक पत्रावळ पानाने झाकून ठेवली होती, तिच्याकडे त्यांनी मान वळवली. “तेंचो वाटो मी आधीच काडलंय,” त्या म्हणाल्या, “उष्टा कित्याक घालूचा तेंका?”